गू काइझी: रेषा, डोळे आणि दंतकथा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राचीन चिनी चित्रकलेचा विषय निघाला की गू काइझीचं नाव येतंच, आणि नाव आलं की त्याच्या गोष्टी येतात. ऐकणाऱ्याला त्यातलं खरं किती, चित्रं कुठे आहेत, त्याचं एवढं मोठेपण कशात, असे प्रश्न पडतात. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

गू काइझी कोण होता?

चौथ्या शतकातला चिनी चित्रकार. जन्म इ. स. ३४४ च्या सुमारास वूशी इथे, आजच्या ज्यांगसू प्रांतात. मृत्यू ४०६ च्या आसपास. तो पूर्व जिन राजवटीचा काळ. उत्तर चीन हातचा गेला होता आणि दरबार यांगत्सेच्या दक्षिणेला ज्यानकांग शहरात, म्हणजे आजच्या नानजिंगमध्ये, थाटला होता. गूचं घराणं अधिकाऱ्यांचं. त्याने स्वतःही ह्वान वन या बलाढ्य सेनापतीकडे आणि पुढे यिन झोंगकान या सुभेदाराकडे नोकरी केली. कविता लिहिल्या, चित्रं काढली आणि चित्रकलेवर लिहिलंही. त्याच्या तीन लेखांचा मजकूर नवव्या शतकातल्या झांग यानयुआन याने आपल्या चित्रकलेच्या इतिहासात उतरवून घेतला, म्हणून तो आज वाचायला मिळतो.

नावाचा उच्चार कसा करायचा?

‘गू’ हे आडनाव, ते आधी येतं. ‘काइझी’ मधला ‘क’ चिनी लोक श्वास सोडून म्हणतात, त्यामुळे तो आपल्या ‘ख’ कडे झुकतो. शेवटचा ‘झी’ जीभ मागे वळवून म्हटलेल्या ‘ज’ च्या जवळ जातो. तंतोतंत देवनागरीत बसत नाही, म्हणून इथे ‘काइझी’ एवढंच ठेवलंय. लहानपणी त्याला ‘हूतोऊ’ म्हणत, म्हणजे वाघाच्या डोक्याचा. हे नाव पुढेही टिकलं. आठव्या शतकातला थोर कवी दू फू त्याची आठवण काढतो तीही याच नावाने.

डोळ्यांची ती प्रसिद्ध गोष्ट नेमकी काय आहे?

गोष्ट ज्यानकांगच्या वागुआन मठाची. इ. स. ३६४ च्या आसपास मठ नवा बांधला जात होता. भिक्षूंनी गावातल्या प्रतिष्ठितांना बोलावून देणग्यांचे आकडे मागितले. एक लाख नाण्यांच्या वर कुणी गेलं नाही. गू तेव्हा विशीचा, खिशाने रिकामा. त्याने वहीत दहा लाख लिहिले. लोकांना वाटलं, पोरगा फुशारक्या मारतोय. वसुलीला भिक्षू आले तेव्हा तो म्हणाला, मला एक कोरी भिंत द्या.

महिनाभराहून जास्त काळ दार लावून तो आत काम करत होता. भिंतीवर बौद्ध सूत्रातला ज्ञानी गृहस्थ विमलकीर्ती साकारला, फक्त डोळ्यांतली बुबुळं राहिली होती. मग त्याने भिक्षूंना सांगितलं, पहिल्या दिवशी बघायला येणाऱ्याकडून एक लाख घ्या, दुसऱ्या दिवशी पन्नास हजार, तिसऱ्या दिवसापासून ज्याला जे द्यायचं ते देऊ दे. दार उघडलं आणि त्याने डोळे भरले. सगळा मठ उजळला असं जुने लेखक लिहितात. गर्दी लोटली आणि बघता बघता दहा लाख जमले.

गणपतीच्या कारखान्यात जाऊन आलेल्या कुणालाही ही गोष्ट चटकन कळेल. आपल्याकडे डोळ्यांची आखणी शेवटी होते, आणि ती ज्याच्या त्याच्या हातात देत नाहीत. रंगवून झालेली मूर्ती आखणीआधी बघा आणि नंतर बघा. मधे दोन-चार रेषांचंच काम होतं, पण त्यानंतर मूर्तीच आपल्याकडे बघायला लागते. गूने पैसे मागितले ते याच क्षणाचे.

विमलकीर्ती म्हणजे आपल्याकडचाच ना?

हो, वैशालीचा. ‘विमलकीर्तिनिर्देश’ या बौद्ध सूत्राचा नायक. तो भिक्षू नाही, घरसंसार असलेला श्रीमंत गृहस्थ आहे, पण ज्ञानात भल्याभल्यांना मागे टाकणारा. आजारी असल्याचं दाखवून तो अंथरुणावर पडतो, लोक समाचाराला येतात आणि तो त्यांना धर्म सांगतो. ज्ञानाचा बोधिसत्त्व मंजुश्रीही येतो. अद्वैत म्हणजे काय, हा प्रश्न शेवटी विमलकीर्तीकडे येतो तेव्हा तो काहीच बोलत नाही. ते मौन हेच त्याचं उत्तर.

तिसऱ्या शतकातच या सूत्राचं चिनी भाषांतर झालं होतं, आणि दक्षिणेतल्या सुशिक्षित उमरावांना हा माणूस फार जवळचा वाटला. घर सोडायला नको, चर्चा करायची, आणि तरीही मुक्त. गूने त्याला कसा रंगवला होता? झांग यानयुआन लिहितो की चेहऱ्यावर आजाराने आलेला कृशपणा होता, आणि टेकणीला रेलून बसलेला तो शब्द विसरून गेल्यासारखा दिसत होता. बोलणं संपल्यानंतरचा माणूस भिंतीवर काढायचा, हे विशीतल्या मुलाला सुचलं याचं मला दर वेळी नवल वाटतं. भिंत आज उरलेली नाही. वर्णन मात्र असं आहे की मिटल्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं.

तो इतर चित्रांतही डोळे रिकामे ठेवायचा का?

जुन्या नोंदी तसं सांगतात. माणसाचं चित्र पूर्ण झालं तरी कधीकधी काही वर्षं तो बुबुळं काढत नसे. कुणीतरी कारण विचारलं. त्याचं उत्तर चीनमध्ये आजही पाठ असतं: हातपाय सुंदर असोत की कुरूप, खरी किमया तिथे नाही. माणसाचं चैतन्य चित्रात उतरवायचं तर ते याच्यात आहे. ‘याच्यात’ म्हणताना त्याने डोळ्यांकडे बोट दाखवलं.

इथे त्याने वापरलेला शब्द ‘छ्वानशन’. अर्थ असा की समोरच्याचं जे आतलं तेज आहे ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवणं. नुसतं हुबेहूब काढणं त्याला पुरेसं वाटत नव्हतं. पण आकार सोडून द्या असंही तो म्हणत नाही. आकारातूनच चैतन्य लिहायचं, असं त्याचं म्हणणं.

याच विचारातून आलेलं त्याचं आणखी एक वाक्य मला फार आवडतं. जी कांग नावाच्या कवीच्या दोन ओळी आहेत: हात पाच तारांवर फिरतोय, आणि नजर परतणाऱ्या हंसांना निरोप देतेय. गू म्हणायचा, तारांवरचा हात काढणं सोपं आहे, हंसांमागे जाणारी नजर काढणं अवघड. कुणीही एकदा दूर जाणाऱ्याकडे बघणारा चेहरा काढून पाहावा. डोळा बरोबर येतो, बघणं येत नाही.

गालावरच्या तीन केसांची गोष्ट खरी की रचलेली?

गोष्ट पाचव्या शतकातल्या किश्शांच्या संग्रहात आहे, म्हणजे गूच्या मृत्यूनंतर फार उशिरा लिहिलेली नाही. पेइ काइ नावाचा एक विद्वान त्याच्या आधीच्या शतकात होऊन गेला होता. त्याचं चित्र काढताना गूने गालावर तीन केस वाढवले. लोक म्हणाले, हे कशाला? तो म्हणाला, पेइ काइ देखणा होता, पण त्याची पारख हे त्याचं खरं वैशिष्ट्य. हे तीन केस म्हणजे ती पारख. मग बघणाऱ्यांनी पुन्हा पाहिलं, आणि चित्रात काहीतरी जागं झाल्यासारखं त्यांना खरोखर वाटलं.

याच्या जोडीला दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. श्ये कुन या अधिकाऱ्याला त्याने चित्रात दरबारात बसवलं नाही, डोंगरातल्या खडकांमध्ये बसवलं. कारण हा गृहस्थ स्वतःच म्हणायचा की राज्यकारभारात मी कमी असेन, पण डोंगरदऱ्यांच्या ओढीत नाही. दुसरी यिन झोंगकानची. त्याचा एक डोळा गेलेला होता, म्हणून तो चित्र काढू देईना. म्हणाला, माझं रूप वाईट, कशाला त्रास घेतोस. गू म्हणाला, तुमची अडचण डोळ्याची आहे ना? बुबुळ ठसठशीत काढतो आणि वरून कोरडा कुंचला झरकन फिरवतो, सूर्यावरून विरळ ढग गेल्यासारखं दिसेल. लपवाछपवी नाही आणि अपमानही नाही. त्याचा सगळा स्वभाव मला या उत्तरात दिसतो.

त्याला ‘वेडा’ का म्हणायचे?

लोक म्हणत की तो तीन गोष्टींत अजोड आहे: प्रतिभेत, चित्रकलेत आणि वेडेपणात. ह्वान वन तर म्हणायचा की काइझीच्या अंगात शहाणपण आणि खुळेपणा अर्धा अर्धा आहे, दोन्ही एकत्र केले की माणूस बरोबर होतो.

किस्से पुष्कळ आहेत. ऊस खाताना तो शेंड्याकडून सुरुवात करी आणि बुडख्याकडे येई. लोक हसले तर म्हणे, हळूहळू गोडीकडे जातोय. चिनी भाषेत या उत्तराचा वाक्प्रचार होऊन बसला, एखादी गोष्ट उत्तरोत्तर रंगत जाते तेव्हा तो वापरतात. ऊस गोड लागला म्हणून मुळापासून खाऊ नये असं आपण म्हणतो. गूची तऱ्हा बरोबर उलटी, मुळापाशीच पोचायचं, पण घाई न करता.

एकदा सुट्टीवर जाताना त्याने यिन झोंगकानकडून होडीसाठी कापडी शीड उसनं घेतलं. वाटेत ‘फुटलेली कबर’ अशा नावाच्या जागी वादळाने होडीची दैना केली. त्याने पत्र धाडलं: जागेचं नाव फुटलेली कबर, आणि आम्ही खरंच कबर फोडून बाहेर आलो. प्रवासी सुखरूप, शिडाला धक्का नाही.

मग ती चित्रांच्या पेटीची गोष्ट. आपली आवडती चित्रं एका पेटीत घालून, समोर मोहोर लावून त्याने ती ह्वान श्वेनकडे, म्हणजे ह्वान वनच्या मुलाकडे, ठेवायला दिली. ह्वान श्वेनने पेटी मागच्या बाजूने उघडली, चित्रं काढून घेतली आणि पेटी होती तशी बंद करून परत केली. मोहोर शाबूत, पेटी रिकामी. गू म्हणाला, उत्तम चित्रांत दैवी अंश असतो, ती रूप बदलून निघून गेली, माणसं सिद्ध होऊन स्वर्गाला जातात तशी. याच ह्वान श्वेनने त्याला एक पान देऊन सांगितलं होतं की हे धरलं की माणूस अदृश्य होतो, आणि गूने तेही मानलं.

मला हा भोळेपणा सरळसोट वाटत नाही. ह्वान श्वेन पुढे सम्राटाची गादी बळकावणारा माणूस. त्याच्या तोंडावर ‘तू चोरलीस’ म्हणणं म्हणजे मान पुढे करणं. त्या काळात कितीतरी कवी, विद्वान राजकारणात मारले गेले. गू वयाची साठी ओलांडून गेला आणि शेवटपर्यंत दरबारी पदावर होता.

शेजारच्या मुलीची गोष्ट काय आहे?

त्याचं एका शेजारणीवर मन बसलं, ती नको म्हणाली. त्याने भिंतीवर तिचं चित्र काढलं आणि छातीत काटा खुपसला. तिच्या छातीत कळा येऊ लागल्या. शेवटी तिने होकार दिला, त्याने गुपचूप काटा काढला आणि ती बरी झाली. ही गोष्ट जिन राजवटीच्या अधिकृत इतिहासातच आहे. चित्र आणि माणूस एकच, ही कल्पना इथे टोकाला जाते, हे कळतं. पण नकार दिलेल्या मुलीला दुखवून होकार मिळवणं मला गोड वाटत नाही, आणि गोड म्हणून ही गोष्ट सांगू नये.

ड्रॅगनचे डोळे काढले आणि ड्रॅगन उडून गेला, तो हाच का?

नाही. तो सहाव्या शतकातला झांग सेंगयोऊ. दोन्ही गोष्टी डोळ्यांच्या, दोन्ही नानजिंगच्या, म्हणून गल्लत होते.

त्याच्या रेषेत एवढं काय आहे?

तिला वसंतातल्या रेशीमकिड्याच्या धाग्याची उपमा देतात. तोंडातून निघणारा तो तंतू कुठे जाड होत नाही, कुठे बारीक होत नाही, आणि तुटत तर नाहीच. गूची रेषा तशी आहे. बाह्या, पदर, कमरेच्या फिती वाऱ्यावर लहरत मागे जातात, आणि त्या लहरींवरून समजतं की बाई चालतेय की नुकतीच थांबलीय, कुणाकडे ओढली जातेय की मागे सरतेय. चेहरे शांत असतात. हलतात ती वस्त्रं.

रंग अगदी थोडा असतो. कुठे शेंदरी तांबडा, कुठे फिकट छटा. मागे खोली नाही, झाड नाही, नुसतं रेशीम. त्यामुळे दोन माणसांमधलं अंतरसुद्धा बोलतं.

त्याची मूळ चित्रं कुठे पाहायला मिळतात?

त्याच्या हातचं म्हणून निःशंकपणे दाखवता येईल असं एकही चित्र उरलेलं नाही. आहेत त्या जुन्या नकला. चीनमध्ये श्रेष्ठ चित्राची नक्कल करणं हा चित्र जपण्याचाच मार्ग होता, त्यामुळे नक्कल म्हणून नाक मुरडू नये.

सगळ्यात महत्त्वाची गुंडाळी, म्हणजे गुंडाळून ठेवायचं लांब चित्र, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिला ‘राजस्त्रियांना उपदेश’ म्हणता येईल. रेशमावरची, उंचीला वीतभराहून थोडी जास्त, लांबीला सुमारे साडेतीन मीटर. पाचव्या ते आठव्या शतकांमधली ती असावी असं अभ्यासक मानतात. आधार आहे झांग ह्वा या मंत्र्याने २९२ मध्ये लिहिलेल्या काव्याचा. सम्राज्ञी जिया मनमानी करत होती, तिला आडून सुनावण्यासाठी ते लिहिलं होतं. मूळचे बारा प्रसंग, लंडनच्या प्रतीत नऊ राहिलेत. बाराच्या बारा असलेली सुंग काळातली, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकांमधली, नक्कल बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे.

दुसरं प्रसिद्ध चित्र ‘लो नदीची अप्सरा’, त्साओ झी या राजपुत्र कवीच्या काव्यावरचं. त्याच्या सुंग काळातल्या नकला बीजिंग, ईशान्य चीनमधला ल्याओनिंग प्रांत आणि वॉशिंग्टन इथे आहेत. एकाच लांब चित्रात राजपुत्र आणि अप्सरा पुन्हा पुन्हा येतात, भेटतात, दुरावतात. तिथले डोंगर माणसांपेक्षा छोटे आहेत. त्या काळच्या निसर्गचित्रणाबद्दल झांग यानयुआनची तक्रारच होती की माणसं डोंगरापेक्षा मोठी आणि पाणी होडी तरंगण्याइतकंही नाही.

लंडनच्या गुंडाळीत आधी काय बघावं?

संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चित्र मोठं करून बघता येतं. शृंगाराच्या प्रसंगापासून सुरुवात करा. उजवीकडे एक बाई आपल्याकडे पाठ करून जमिनीवर बसलीय. तिचा चेहरा दिसतो तो तिच्या हातातल्या गोल आरशात. डावीकडे दुसरी, समोर स्टँडवर आरसा, आणि मागे उभी दासी तिचे केस विंचरतेय. मधे जमिनीवर लाखेच्या डब्या मांडलेल्या. शेजारी लिहिलंय की रूप सजवायचं सगळ्यांना कळतं, स्वभाव सजवायचं कुणालाच नाही. उपदेश कडक आहे, पण चित्रकार त्या बायकांवर रागावलेला नाही. विंचरणाऱ्या हाताकडे त्याने फार मायेने बघितलंय.

मग शय्येचा प्रसंग. पडदे लावलेल्या पलंगाच्या कडेवर सम्राट, आत राणी. तो बसायला आलाय की उठून निघालाय? पायातल्या जोड्याकडे कितीही वेळ बघा, ठरत नाही. मजकूर म्हणतो की बोलणं खोटं असेल तर एका शय्येवरचं माणूसही संशय घेईल. तो संशय या अर्ध्यामुर्ध्या बसण्यात आहे.

तिसरा अस्वलाचा प्रसंग. हान राजवटीतल्या सम्राट युआनच्या अंगावर अस्वल धावून येतंय, आणि फंग नावाची राणी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिलीय. भालेवाले धावताहेत, बाकीच्या बायका मागे सरताहेत, ही मात्र ताठ. तिच्या वस्त्रांची रेषा इतकी स्थिर आहे की अस्वलापेक्षा नजर तिच्यावरच ठरते.

हे चित्र लंडनला कसं गेलं?

अठराव्या शतकातल्या छियानलोंग सम्राटाचं ते अत्यंत लाडकं होतं. त्याने त्यावर मोहोरा उठवल्या, मजकूर लिहिला, स्वतः एक ऑर्किडही काढलं. १९०० मध्ये बॉक्सर उठाव, म्हणजे परकीयांविरुद्धचं चिनी बंड, मोडायला परदेशी फौजा बीजिंगमध्ये घुसल्या. त्यात हिंदुस्थानातून नेलेल्या पलटणीही होत्या. बंगाल लान्सर्समधल्या एका ब्रिटिश कप्तानाच्या हाती ही गुंडाळी लागली आणि १९०३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने ती २५ पौंडांना घेतली. लुटालुटीच्या त्या दिवसांत हाती आलेली वस्तू आहे ही, हे विसरून ती पाहता येत नाही. उजेडाने रेशीम खराब होतं म्हणून वर्षातले काहीच आठवडे ती मांडतात.

अजिंठ्याशी तिचा काही संबंध?

थेट नाही. अजिंठ्याची प्रसिद्ध वाकाटककालीन लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे गूनंतरची. पद्धतही वेगळी. अजिंठ्यात छायेने गाल, खांदे गोलाई घेतात, गूची माणसं निव्वळ रेषेवर उभी असतात. छायेची ही भारतीय रीत चीनमध्ये पोचल्याची खूण मात्र सापडते. वर आलेल्या झांग सेंगयोऊने नानजिंगच्या एका मठाच्या दारावर अशी फुलं रंगवली होती, की लांबून ती उंचसखल वाटत आणि जवळ जाऊन बघितलं तर सपाट. ती रीत भारताची असल्याचं चिनी नोंदीतच लिहिलंय, आणि लोक त्या मठाला ‘उंचसखल मठ’ म्हणू लागले.

त्याच्यावर कुणी टीका केली नाही का?

केली की. सहाव्या शतकातल्या श्ये ह याने चित्रकारांची प्रतवारी लावली तेव्हा गूला तिसऱ्या वर्गात टाकलं. त्याचं म्हणणं, हात मनातल्या कल्पनेपर्यंत पोचत नाही आणि कीर्ती कामाहून मोठी आहे. त्यावर लगेच वाद झाला. पुढे थांग काळातल्या, म्हणजे आठव्या शतकातल्या, झांग ह्वायग्वानने निवाडा दिला तो टिकला: झांगला मांस साधलं, लूला हाडं साधली, गूला चैतन्य साधलं. इथला झांग म्हणजे झांग सेंगयोऊ, आणि लू म्हणजे पाचव्या शतकातला लू तानवेइ.

त्याच्या रेषेचा सराव करायचा तर?

टोकदार, मऊ केसांचा कुंचला घ्या आणि तो उभा धरा, म्हणजे टोक रेषेच्या मधोमध चालेल. बोटांनी ओढू नका, कोपरापासून हात हलू द्या. दाब पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच. शाई रेशमावर किंवा झिरपणाऱ्या कागदावर पडली की पुसता येत नाही, आणि थांबलात तिथे ठिपका फुगतो. बाहीची एकच लांब लहर घ्या, खांद्यापासून टोकापर्यंत, आणि तीच काढत राहा. चेहरा शेवटी. डोळे त्याच्याही नंतर, आणि मन तयार नसेल तर त्या दिवशी काढूच नका.